सुवर्णद्वीपातील परदेशी विद्यार्थी



वैशाखातल्या संध्याकाळी आपण येथे जमलो आहोत, तेव्हा वैशाखातल्याच एका तिथीपासून आरंभ करू. सुमात्रा बेटावर मुसी नदीच्या काठी पालेंबांग नावाचे मोठे शहर आहे. १९२० साली या शहराच्या एका वस्तीत एक लहानसा शिलालेख उजेडात आला. त्याच्या आरंभीच शके ६०५, वैशाख शुद्ध एकादशी अशी मिती आहे. म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने ६८३ च्या आसपास. त्या दिवशी तेथील एक अधिपती नावेत बसून 'सिद्धयात्रे'स निघाला आणि वीस हजारांचे सैन्य घेऊन आला, असे लेख सांगतो. शेवटी 'श्रीविजय' हे नाव येते. भाषा जुनी मलय आहे, पण मिती आपल्या ओळखीची आहे. आपण लग्नपत्रिकेवर जो शक छापतो, तोच तेथे दगडावर कोरलेला आहे.

असे काही वाचले की आपली छाती फुगते. आपले पूर्वज समुद्रापार गेले, त्यांनी लिपी दिली, देव दिले, पंचांग दिले, ही कथा आपण आवडीने सांगतो. 'बृहत्तर भारत' हा शब्द १९२० नंतरच्या काळात आपल्या इतिहासकारांनी रूढ केला, तो याच अभिमानातून. पारतंत्र्याच्या दिवसांत त्या अभिमानाने पुष्कळांना उभे राहण्याचे बळ दिले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या कथेत आपण नेहमी गुरूच्या आसनावर बसलेले असतो. समोर चटईवर बसून शिकणारा तो दुसरा. ही कथा अर्धी आहे, आणि अर्धी कथा सांगण्याची सवय शिकणाऱ्या समाजाला फार महाग पडते, एवढेच आज आम्हांस दाखवायचे आहे. त्यासाठी राजांना थोडे बाजूला ठेवून श्रीविजय नगरात परदेशातून येऊन राहिलेल्या विद्यार्थ्यांची चौकशी करू.

प्रथम त्या नगराविषयी दोन शब्द. श्रीविजय हे एका मोठ्या राज्याचे नाव आहे, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते. १९१३ साली हेंड्रिक केर्न या थोर डच पंडिताने एका शिलालेखात हे नाव वाचले, तेव्हा ते राजाचे नाव असावे असे त्यांनी मानले. १९१८ साली जॉर्ज सेदेस या फ्रेंच संशोधकाने शिलालेख आणि चिनी ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून ते राज्याचे नाव असल्याचे दाखवले. चीन आणि भारत यांच्यामधला सागरी व्यापार मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो, आणि तेथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. एका वाऱ्याने आलेल्या गलबताला दुसऱ्या वाऱ्याची वाट पाहत काही महिने बंदरात थांबावेच लागते. व्यापारी थांबले म्हणजे बाजार वाढतो. भिक्षू थांबले म्हणजे पाठशाळा वाढते. श्रीविजयात दोन्ही गोष्टी घडल्या.

इसवी सन ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू कँटनच्या बंदरातून एका इराणी गलबतावर चढला. वय पस्तिशीच्या पुढे. बरोबर येण्याचे कबूल केलेले सोबती ऐन वेळी मागे सरले होते. एक तरुण शिष्य तेवढा आला, आणि तोही पुढे श्रीविजयात आजारी पडून मायदेशी परतला. फाहियान आणि ह्युएनत्संग या पूर्वसूरींची नावे इत्सिंगला तोंडपाठ होती. ह्युएनत्संग खुष्कीने गेला. याने पाण्याची वाट धरली. वीस दिवसांच्या आत गलबत श्रीविजयास लागले. तेथे तो सहा महिने राहिला आणि त्याने शब्दविद्येचा, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा, अभ्यास केला. लहान मुलांच्या पहिल्या धड्याला 'सिद्धम्' म्हणतात, असे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. श्रोतेहो, आपल्याकडे अक्षरओळखीला 'ओनामा' म्हणतात, तो 'ॐ नमः सिद्धम्' याचाच घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे. तेव्हा नालंदेच्या वाटेवर निघालेल्या या प्रौढ विद्यार्थ्याने आपल्या व्याकरणाचा ओनामा गंगेच्या नव्हे, मुसी नदीच्या काठी गिरवला, असे म्हणायला हरकत नाही.

तेथील राजाने साहाय्य केले, तेव्हा तो मलयु आणि केडा या बंदरांवरून पुढे निघाला आणि ६७३ मध्ये बंगालच्या ताम्रलिप्ती बंदरात उतरला. नालंदेत त्याने सुमारे दहा वर्षे काढली. परतताना त्याच्याजवळ सुमारे चारशे ग्रंथ होते. आता एवढे ग्रंथ घेऊन त्याने सरळ चीनला जावे, असे आपणांस वाटेल. तो गेला नाही. तो पुन्हा श्रीविजयात येऊन राहिला आणि तेथे बसून त्याने भाषांतराचे आणि लेखनाचे काम आरंभले. मायदेशी तो कायमचा परतला तो ६९५ मध्ये.

परक्या शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या अडचणी तेराशे वर्षांत फारशा बदललेल्या दिसत नाहीत. इत्सिंगची अडचण कागदाची होती. श्रीविजयात त्याला हवा तसा कागद मिळेना, शाई मिळेना, आणि नकला करणारे लेखनिक लावायला पैसा पुरेना. ६८९ मध्ये तो नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या एका व्यापारी गलबतावर गेला. हेतू एवढाच की कँटनच्या स्नेह्यांना पत्र धाडून कागद, शाई आणि लेखनिकांचे वेतन मागवावे. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, व्यापाऱ्याने शिडे उभारली, आणि पत्र द्यायला गेलेला मनुष्य पत्राबरोबर कँटनला जाऊन पोचला! ग्रंथ सगळे मागे श्रीविजयात राहिलेले. घर वीस दिवसांच्या अंतरावर असताना जो वर्षानुवर्षे परतला नव्हता, तो असा नकळत घरी आला. आणि त्याने काय केले? मदतीला चार सहकारी मिळवले आणि त्याच वर्षी पुन्हा श्रीविजयाचे गलबत पकडले. ज्या शहरात आपले काम आहे ते आपले शहर, ही विद्यार्थ्याची व्याख्या त्याने अशी कृतीने सांगून ठेवली आहे.

त्या शहरात त्याने डोळे उघडे ठेवून दिवस काढले. वसंताच्या मध्याला आणि पुन्हा शरदात, भर दुपारी उभ्या माणसाची सावलीच पडत नाही, हे त्याने टिपून ठेवले. पालेंबांग विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ही नोंद किती चोख आहे ते कळते. आपल्या पुण्यात ती बिनसावलीची दुपार मेच्या मध्याला येते. दक्षिण समुद्रातील बेटांवर भिक्षूंना जेवायला बोलावतात तेव्हा आधी सुपारी आणि सुगंधी तेल पुढे करतात, अन्न पानांवर वाढतात, आणि गरिबाच्या घरीही पदार्थांची रेलचेल असते, असे तो लिहितो. सुपारी आणि पत्रावळ यांची ही हकीकत आपल्या माणसाला परकी वाटणार नाही. आपल्या देशाच्या चालीहून काही निराळे दिसले की नाक मुरडायचे, ही खोड त्याला नव्हती. निराळे काय आणि का, हे तो विचारी.

त्या नगरात एक हजाराहून अधिक भिक्षू अभ्यासात गढलेले आहेत, मध्यदेशात जे विषय शिकवले जातात ते सर्व येथे शिकवले जातात, तेव्हा चीनमधून भारतात जाऊ इच्छिणाऱ्याने येथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी आणि मगच पुढे जावे, अशी त्याची आपल्या देशबांधवांना शिफारस होती. तेथील शाक्यकीर्ती या आचार्याचे नाव त्याने आपल्या काळच्या थोर विद्वानांच्या पंक्तीत घेतले आहे. दुसऱ्या एका ग्रंथात त्याने पश्चिमेस गेलेल्या सुमारे साठ यात्रेकरू भिक्षूंची चरित्रे दिली. त्यांतले काही संस्कृताबरोबर तेथील स्थानिक भाषाही शिकले. त्यांतलाच हुइनिंग हा जावा बेटावरील ज्ञानभद्र या पंडिताजवळ राहिला आणि दोघांनी मिळून ग्रंथाचे भाषांतर केले. म्हणजे हे शहर केवळ वाटेवरची धर्मशाळा नव्हते. तेथे गुरू होते, आणि ते त्या भूमीचे होते.

आणखी एक गोष्ट. सातव्या शतकात आपल्याकडे मुले कोणत्या वयात काय शिकत, पाणिनीची सूत्रे केव्हा पाठ करत, त्यावरची वृत्ती केव्हा वाचत, याचे क्रमवार वर्णन इत्सिंगने केले आहे. काशिकावृत्तीच्या कर्त्यांपैकी जयादित्याचा काळ ठरवताना पंडित आजही त्याचा आधार घेतात. भर्तृहरीच्या काळाविषयीची त्याची नोंद पुढे चुकीची ठरली, हेही सांगितले पाहिजे. परंतु मुद्दा असा की आपल्या शाळेचे हे चित्र आपल्या कोणी काढून ठेवले नाही. ते एका चिनी विद्यार्थ्याने, सुमात्रातील एका नगरात राहून, कष्टाने मिळवलेल्या कागदावर काढले, आणि ६९२ मध्ये एका भिक्षूच्या हाती चीनला धाडले. १८९६ साली ताकाकुसु या जपानी पंडितांनी त्याचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केले, तेव्हा ते जगापुढे आले. आपलेच घर आपल्याला परक्याच्या आरशात दिसले.

आता वाहतूक दुसऱ्या दिशेने पाहू. १९२१ साली नालंदेच्या उत्खननात हिरानंद शास्त्री यांना पालवंशीय राजा देवपाल याचा एक ताम्रपट सापडला. नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा हा पट आहे. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे इनाम दिली, असे त्यात आहे. उत्पन्न कशासाठी लावायचे याची यादी मोठी बोलकी आहे: पूजेसाठी, चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षूंच्या अन्नवस्त्रासाठी, त्यांच्या अंथरुणासाठी, आजारपणातल्या औषधासाठी, ग्रंथांच्या नकला करण्यासाठी, आणि विहाराच्या डागडुजीसाठी. परदेशी विद्यार्थ्याला काय लागते, याची इतकी नेमकी यादी आजच्या एखाद्या शिष्यवृत्तीच्या नियमावलीतही सापडणार नाही. 'चारही दिशांनी येणाऱ्या' हे शब्द विशेष ध्यानात ठेवावे. सुमात्रातील राजाने विहार बांधला, पण त्यावर फक्त आपल्या मुलांची पाटी लावली नाही.

यापुढचा प्रसंग आमच्या मते या कथेचा कळस आहे. ९८२ साली बंगालमध्ये जन्मलेला दीपंकर श्रीज्ञान, ज्याला तिबेटी लोक अतीश म्हणतात, तिशीच्या सुमारास विद्वान म्हणून नावाजला होता. भारतात तेव्हा नालंदा होती, विक्रमशीला होती. तरी त्याला वाटले की आपल्याला जे शिकायचे आहे ते शिकवणारा गुरू सुवर्णद्वीपात आहे. त्या गुरूचे नाव धर्मकीर्ती. प्रसिद्ध नैयायिक धर्मकीर्ती तो निराळा. हा सुवर्णद्वीपाचा, राजकुलातला म्हणून सांगतात. चूडामणिवर्मा राजाच्या कारकिर्दीत त्याने एक संस्कृत टीकाग्रंथ श्रीविजयातच रचला होता. अतीश समुद्रावर निघाला. तिबेटी चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे प्रवासाला वर्षाहून अधिक काळ लागला, वादळांनी जीव नकोसा केला. मग बारा वर्षे तो गुरूजवळ राहिला. पुढे त्याने तिबेटात जाऊन धर्माची नवी घडी बसवली आणि १०५४ मध्ये तेथेच देह ठेवला. परंतु आपल्या सर्व गुरूंत त्याने सुवर्णद्वीपाच्या गुरूला पहिले स्थान दिले, आणि त्याचे नाव घेताना त्याचे हात जोडले जात, अशी परंपरा आहे.

या गुरूने शिकवले काय? तिबेटी परंपरा सांगते की 'परात्मपरिवर्तन' ही साधना अतीशाला येथे मिळाली: स्वतःच्या जागी दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे. मूळ विचार शांतिदेवाचा, म्हणजे भारतातलाच. परंतु तो समुद्रापार रुजला, तेथे कोणीतरी तो जीव लावून जतन केला, आणि मग भारतीय विद्यार्थ्याला तो आणायला बारा वर्षे परदेशात राहावे लागले. दिलेले बी परत घ्यायला जाण्यात कमीपणा आहे असे त्या थोर माणसाला वाटले नाही.

कमीपणा वाटण्याचा काळ लवकरच आला. चूडामणिवर्म्याच्या नावाने त्याच्या पुत्राने तामिळ किनाऱ्यावर नागपट्टणम् येथे एक विहार बांधला होता, आणि राजराज चोळाने १००६ च्या सुमारास त्याला एक गाव दिले होते. त्याच राजराजाच्या मुलाने, राजेंद्र चोळाने, १०२५ मध्ये आरमार पाठवून श्रीविजय लुटले. अतीशाचे विद्यार्थिजीवन संपले तेही याच सुमारास. तंजावरच्या ज्या बृहदीश्वर मंदिरात भोसले कुळाचा प्रचंड मराठी लेख १८०३ मध्ये कोरला गेला, त्याच मंदिरात राजेंद्राच्या या विजयाची प्रशस्ती आहे. ती प्रशस्ती आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. अतीशाची बारा वर्षे मात्र आपल्या मुलांच्या कानावर क्वचितच पडतात. आरमार घेऊन गेलेला आपल्याला आठवतो. पाटी-पुस्तक घेऊन गेलेला आपण विसरतो.

त्यात समुद्रप्रवासाला पातक मानण्याची वृत्ती बळावत गेली. बौधायनाच्या धर्मसूत्रात हा निषेध जुनाच आहे. मध्ययुगात कलिवर्ज्याच्या यादीत तो पक्का झाला. व्यापारी आणि नावाडी जात राहिले, कारण पोट शास्त्राला विचारत नाही. पण शास्त्र जाणणारा वर्ग घरी बसला, आणि ज्याला शिकून यायचे होते तोच गेला नाही.

ही कोंडी फोडणाऱ्यांत एक आपला माणूस होता, हे सांगताना आम्हांस आनंद होतो. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शिकवणीचा शोध घेत १८९९ मध्ये घराबाहेर पडले. ज्या देशात बुद्ध जन्मला, त्या देशात पाली शिकवणारा गुरू त्यांना मिळेना. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सिंहलात आणि मग ब्रह्मदेशात गेले, तेथल्या विहारांत राहिले, तेथल्या भिक्षूंच्या पायाशी बसून शिकले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, आणि त्यांच्या शिष्यांनी ती परंपरा महाराष्ट्रात चालवली. १९२४ सालच्या त्यांच्या 'निवेदन' या आत्मकथनात हा सारा प्रवास आहे. अतीशाने जे केले तेच नऊ शतकांनंतर कोसंबींनी केले: आपलीच ठेव परक्याच्या घरून, शिष्य होऊन, परत आणली.

१९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावा आणि बाली येथे गेले. प्राचीन भारताच्या खुणा पाहणे हा त्यांचाही हेतू होता. पण त्या प्रवासानंतर बातिकची जावाची कला शांतिनिकेतनात आली आणि तेथून देशभर पसरली. पाहायला गेलेले शिकून आले, हे त्या यात्रेचे खरे यश.

आज मार्ग सोपे झाले आहेत. इंडोनेशियाच्या सरकारने १९७४ साली शेजारच्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची एक योजना सुरू केली. पुढे ती इतर देशांनाही खुली झाली. तिचे नाव 'दर्मासिस्वा'. त्यात आपला धर्म आणि आपला शिष्य दोन्ही ओळखू येतात. उद्या आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी जकार्त्यास किंवा पालेंबांगला शिकायला गेली, तर तिथल्या महाविद्यालयात तिला पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतील. विद्यार्थी तो 'महासिस्वा', भाषा ती 'बहासा', वसतिगृह ते 'आस्रामा', आणि पदवीधर तो 'सर्जाना', म्हणजे मूळचा सज्जन. प्रत्येक पदवीधराला सज्जन ठरवणाऱ्या भाषेच्या औदार्याचे कौतुकच केले पाहिजे!

पण आम्ही त्या विद्यार्थिनीला एक विनंती करू. हे शब्द ऐकून 'हे सगळे आमचेच' असे तिने म्हणू नये. हे शब्द त्यांच्या घरी हजार-दीड हजार वर्षे नांदले आहेत. त्यांचे अर्थ बदलले, उच्चार बदलले. लेक सासरी गेली की त्या घरची होते. माहेरच्यांनी तिच्या संसारावर हक्क सांगायचा नसतो. तिने इत्सिंगसारखे करावे: आधी भाषा शिकावी, सावली कुठे पडते ते पाहावे, पानावर काय वाढले आहे ते चाखावे, आणि तेथला शाक्यकीर्ती कोण आहे त्याचा शोध घ्यावा. त्या शहरात १९६० साली स्थापन झालेले विद्यापीठ श्रीविजयाचेच नाव मिरवते. तेथे शिकण्यासारखे काही नसेल, असे मानून जाणाऱ्याला खरोखरच काही मिळणार नाही.

आणि दुसरी विनंती आपल्या सर्वांना. आपल्या शहरांतही आज चारही दिशांनी विद्यार्थी येतात. खोली भाड्याने मागायला ते दारात उभे राहतात तेव्हा आपण काय विचारतो? काय शिकता, हे विचारण्याआधी काय खाता, हे विचारतो. पुष्कळदा उत्तर ऐकून दार लावून घेतो. बालपुत्रदेवाच्या यादीत अन्न होते, अंथरूण होते, औषध होते, नकलांसाठी पैसा होता. आपल्या यादीत काय आहे? त्या दारातून परत गेलेल्यांपैकी एखादा उद्याचा इत्सिंग असेल. तो आपल्या देशी जाऊन आपल्याविषयी लिहील, आणि हजार वर्षांनी आपल्याच वंशजांना आपण कसे होतो ते त्याच्या वहीतून वाचावे लागेल.

पालेंबांगच्या त्या पहिल्या लेखानंतर एका वर्षाने, शके ६०६ मध्ये, तेथल्या राजाने एक बाग लावली आणि तिला 'श्रीक्षेत्र' असे नाव दिले. नारळ, सुपारी, ताडवर्गातली झाडे, बांबू यांची नावे शिलालेखात आहेत. आणि वाटेने जाणाऱ्या भुकेल्याला येथे अन्न आणि पाणी मिळावे, अशी इच्छा आहे. ती बाग आज नाही, राजाही नाही. त्या बागेच्या सावलीत इत्सिंग कधी बसला असेल की नाही, कोण जाणे. परंतु परक्या विद्यार्थ्याला सावली देणारे शहर तेराशे वर्षांनीही लोकांच्या आठवणीत राहते, एवढे मात्र खरे. आपल्या शहराने तशी आठवण मागे ठेवावी, या इच्छेने आम्ही आपली रजा घेतो.